घरच्या कार्यक्रमाला लाइव्ह अकूस्टिक बँड सांगायचाय (गोवा), अनुभव असेल तर लिहा

कुळागर
नमस्कार मंडळी, हे कुठे विचारायचं कळेना म्हणून नवीन धागा काढतोय.

मे मध्ये आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल नको यावर दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालंय, त्यामुळे म्हार्दोळच्या जुन्या घरातच करायचं, राजांगणात (घराच्या मधल्या उघड्या चौकात). ६०-७० माणसं, घरची, शेजारची आणि बाबांबरोबर शाळेत शिकवायला होते ते मास्तर लोक. जेवणाचं ठरलंय, आचारी ठरलाय, बहिणीने आता डोक्यात घेतलंय की लाइव्ह अकूस्टिक बँड हवा. डीजे नको म्हणून मीही हो म्हणून बसलो आणि आता फोन फिरवतोय.

एका वन मॅन बँडवाल्याने १५ हजार सांगितले, तिघांच्या एका ग्रुपने ३५, आणि एका इव्हेंटवाल्याने पाच जणांचं 'अनप्लग्ड' म्हणून ८० हजार, साउंड वेगळा!! एवढा फरक का ते कोणी सांगेल का. अनप्लग्ड आहे तर साउंड कशाला वेगळा हेही मला कळलं नाही.

बाबांना नाट्यसंगीत आणि अभंग, आईला जुनी हिंदी गाणी, पोरांना इंग्लिश. शिवाय घरात दोन घुमटं (मातीच्या मडक्याला कातडं लावून वाजवतात ती) आहेत, चवथीला आरतीला निघतात, चुलतभाऊ चांगलं वाजवतो, ते कुठे बसेल का बघायचंय.

तो इव्हेंटवाला असंही म्हणाला की अकूस्टिक असल्यामुळे रात्री १० चा नियम लागत नाही, १२ पर्यंत बिनधास्त चालू द्या. खरं आहे का हे?

नुस्तेखाऊ
मे महिना, राजांगण, ७० माणसं. बँड राहू दे बाजूला, आधी पंख्यांचं काय ते बघ.

फोंड्याची सून
अभिनंदन आईबाबांना! आम्ही नणंदेच्या लग्नात साळगावला केलं होतं, सविस्तर संध्याकाळी लिहिते. तोवर एकच, रील बघून बँड ठरवू नका.

सहा तारा
मी गेली बारातेरा वर्षं बारदेशातल्या हॉटेलांत आणि लग्नांत गिटार वाजवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो.

वन मॅन बँड म्हणजे एक माणूस, एक कीबोर्ड किंवा गिटार, आणि ड्रम, बेस, बाकीचं सगळं लॅपटॉपमधून. यात कमीपणा काही नाही, गोव्यातल्या अर्ध्या रेस्टॉरंटांची संध्याकाळ यावरच चालते आणि काही जण भन्नाट गातात. पण ते अकूस्टिक नव्हे. फोनवर सरळ विचारा, ट्रॅक लावणार का. "थोडासा बॅकिंगला" असं उत्तर आलं की समजून जा.

अनप्लग्ड म्हणजे वायर नाही असा अर्थ आता कोणी घेत नाही. गिटार अकूस्टिक असते, ड्रमसेटच्या जागी कहोन असतो (त्या लाकडी खोक्यावर बसून वाजवतात तो), पण गिटारची पिन मिक्सरलाच जाते. म्हणून साउंड लागतो. आणि पाच जण कशाला हवेत तुम्हाला? घरातल्या ७० माणसांना तिघे पुष्कळ झाले, गिटार, कहोन आणि एखादं सुरांचं वाद्य, व्हायोलिन मिळालं तर सोनं. गोव्यात व्हायोलिनवाले मिळतात हो. पूर्वीपासून चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत आले, मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार भरलेले असायचे ते त्यामुळेच. पिढी बदलली तरी चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणारी पोरं अजून आहेत, शोधायला लागतात एवढंच, इंस्टाग्रामवर नसतात ती.

तारीख शनिवार-रविवार असेल तर आत्ताच धरून ठेवा. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) ख्रिश्चन लग्नं सहसा होत नाहीत म्हणून आम्ही मोकळे असतो, पण ईस्टर झाला की मे संपेपर्यंत सगळी तुंबलेली लग्नं एकदम येतात. मधला वार चालत असेल तर भावही उतरतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात याच बँडने दुप्पट सांगितले असते, तेव्हा मे आहे हे नशीब समजा.

कुळागर
दादा फार उपयोगी. लग्न खरं गुरुवारी झालेलं आणि यंदा तारीख बुधवारी येतेय. बहीण रविवार म्हणून अडून बसली होती, तिला ही पोस्ट दाखवतो.

कलम वाचणारा
१० च्या नियमाबद्दल लिहितो, कारण ही थाप सगळीकडे ऐकू येते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. पूर्वी रात्रीच्या बंदीत फक्त लाउडस्पीकर होता, तेव्हा ही पळवाट थोडीफार खरी होती. २०१० मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात आवाज करणारं कुठलंही साधन, वाद्यसुद्धा, घातलं गेलं. म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात माइक नसलेली गिटारही नियमात येते. सूट आहे ती बंद जागेला, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे, आणि तीही आतल्या आत. तुमचं राजांगण वरून उघडं, तुळशीवर चांदणं पडतं, त्याला बंद जागा कोण म्हणणार?

१२ पर्यंतची सवलत असते ती राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी जाहीर करतं, वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. घरच्या कार्यक्रमाला ती आपोआप लागू होत नाही. आणि दिवसासुद्धा लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. अर्ज कुठे करायचा ते पंचायत किंवा पोलिस स्टेशनात विचारलं तर सांगतात, आठपंधरा दिवस आधी जा.

नुस्तेखाऊ
५५ डेसिबल? आमच्या घरी दोन माणसं वालीच्या भाजीवरून बोलायला लागली तरी ५५ च्या वर जातात.

कलम वाचणारा
@नुस्तेखाऊ म्हणूनच शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं. तक्रार झाली तर पोलिस येतात, जेवायला बसलेला शेजारी तक्रार करत नाही. हे कुठल्या कलमात नाही पण चालतं.

मुंबैत अडकलेला
त्या गाण्यांच्या लायसन्सचं काय? मध्ये गोव्यातच काहीतरी कोर्टात झालं होतं ना?

कलम वाचणारा
झालं होतं. कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडए) आहे, त्यात धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना मोकळीक आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की लग्नसमारंभात कोणी परवान्याचा आग्रह धरू नये, त्याविरुद्ध म्युझिक कंपन्यांची बाजू कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कलम मात्र आहे तिथेच आहे, फक्त सरकारला परिपत्रकातून ते वाढवता येत नाही. व्यवहारात हे दुखणं हॉटेल आणि हॉलवाल्यांचं, तेच तुमच्याकडे कागद मागतात. कुळागर यांच्याकडे स्वतःचं घर, नातेवाईक, तिकीट नाही, रेकॉर्ड लावणार नाहीत. मी झोप घालवली नसती.

फोंड्याची सून
लिहिते म्हटलं होतं, उशीर झाला, मुलाची परीक्षा.

आम्ही रील बघून बँड ठरवला, रीलमध्ये चार जण, मागे समुद्र, मुलगी इतकी गोड गात होती की सासूबाईंनी लगेच अ‍ॅडव्हान्स द्यायला लावला. लग्नाच्या दिवशी चार जण आले पण चारही वेगळे!! मुलगी गोव्यात नव्हतीच त्या आठवड्यात. एजंट म्हणतो बँडचं नाव तेच आहे ना मॅडम. तेव्हा लिहून घ्या, कोण गाणार, कोण काय वाजवणार, नावासकट, आणि एखादा आजारी पडला तर बदली कोण. ते वाजवत असतील तिथे जाऊन एकदा तरी बसा, एक कॉफी घ्या, तासभर ऐका. रीलमधला आवाज स्टुडिओतला पण असू शकतो.

आणि जेवण! बँडच्या चार जणांना आणि साउंडवाल्याला जेवण कोणी वाढायचं हे आमच्याकडे कोणाच्या लक्षात नव्हतं, बिचारे मांडवामागे खुर्च्यांवर बसून होते. दीर सोलकढी घेऊन गेला तेव्हा कळलं दुपारपासून उपाशी. दुसरा सेट त्यांनी काय वाजवला असेल तुम्हीच समजा.

सहा तारा
@फोंड्याची सून तुमच्या दिराला माझा नमस्कार सांगा.

वायरवाला
साउंडचं काम करतो, हा धागा आत्ता दिसला.

७० माणसं आणि माइक नाही हे जमणार नाही. कोणी काही म्हणो. चिऱ्याच्या भिंती आणि खाली लादी, आवाज घुमतो खूप पण शब्द कळत नाहीत. वर पंखे लागले की पंख्याच्या घुरघुरीत गिटार गायब, पेडेस्टल फॅन असेल तर विचारूच नका.

सहा तारा
मी ४० माणसांपर्यंत बिनमाइकचं वाजवलंय, लोक गप्प बसले तर चालतं.

वायरवाला
गप्प बसणारे ७० गोंयकार कुठे मिळतात तो पत्ता मला पण द्या.

सहा तारा
हा हा, बरं मान्य.

वायरवाला
म्हणून म्हणतो मोठी भिंतभर सिस्टीम नको, दोन छोटे स्पीकर स्टँडवर, एक लहान मिक्सर, गाणाऱ्याला माइक आणि गिटार-व्हायोलिनला लाइन. कहोनला काही नको. घुमटाला तर अजिबात नको, राजांगणात घुमट माइकशिवायच छातीत वाजतं. स्पीकर नेहमी वाजवणाऱ्यांच्या पुढे, माइकच्या मागे ठेवले की शिट्टी सुरू. गिटारच्या भोकाला रबराचं झाकण मिळतं ते लावायला सांगा, फीडबॅक कमी होतो. वाजवणाऱ्यांच्या पायाखाली सतरंजी घाला, शक्यतो जाड.

जुन्या घरांत आणखी एक भानगड असते, अर्थिंग. पिन लावली की हं... असा आवाज येतो आणि सगळे साउंडवाल्याकडे बघतात. आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून एक चांगला पॉइंट तपासून घ्या, आणि साउंड सगळा त्या एकाच पॉइंटवरून, त्यावर आईस्क्रीमचा फ्रीजर लावू नका. मे मध्ये लाइट जाते हे काय सांगायला नको. इन्व्हर्टर जुना असेल तर त्यावरही गुणगुण येते, आधी लावून बघा. जनरेटर आणणार असाल तर घराच्या मागे लांब ठेवा, नाहीतर ८० हजाराचा बँड आणि ऐकू येतो जनरेटर.

काळी दोन
मी निवृत्त माणूस, पेटी वाजवतो, भजनात असतो. बाबांच्या नाट्यसंगीताबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

बँडवाल्या पोरांना नाट्यपद 'करून द्या' सांगाल तर ती युट्यूबवर ऐकून चार कॉर्ड बसवतील आणि बाबा तोंडावर छान छान म्हणतील. त्यापेक्षा पेटी-तबलावाला एखादा गावातलाच बोलवा, फोंड्यात काय कमी आहेत का, ज्या महालात (तालुक्यात) मंगेशी आहे तिथे गाणारा शोधायला लागू नये. बँडने त्याला साथ करावी. फक्त एक गोष्ट आधी जमवा, पट्टी. गाणारा म्हणेल काळी दोन आणि गिटारवाला विचारेल हे काय असतं. काळी एक म्हणजे त्यांचा सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, बायकांची काळी चार म्हणजे जी शार्प. हे एका कागदावर लिहून दोघांच्या हातात द्या. आणि पेटी जरा वरखाली असेल तर गिटारने पेटीला जुळवून घ्यायचं, पेटीला कान पिळता येत नाहीत.

सहा तारा
@काळी दोन काका, अगदी बरोबर. काळी दोनला मी कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या घरावर लावून सी चे कॉर्ड धरतो, झालं काम. आणि गंमत म्हणजे नाट्यपदाला फार कॉर्ड लावूच नयेत, सा-प धरून बसावं आणि व्हायोलिनला मागून जाऊ द्यावं.

कुळागर, यासाठी बँडला एक तालीम द्यायला लागेल, तिचे पैसे वेगळे विचारतील, द्या. ४५ मिनिटांचे दोन सेट ठेवा, मध्ये २० मिनिटं. पहिल्या सेटला लोक येत असतात, बोलत असतात, तेव्हा आईंची हिंदी गाणी बारीक आवाजात. नाट्यसंगीत दुसऱ्याच्या सुरुवातीला, सगळे बसलेले असताना. घुमट शेवटी.

मडगावकर
घुमटावरून आठवलं, कातडं बघून घ्या. पूर्वी घोरपडीचं असायचं, ते वन्यजीव कायद्यात बसत नाही, आता बकऱ्याचं लावतात. जुनं काही माळ्यावर असेल तर फोटो काढून फेसबुकवर टाकू नका. २०१९ मध्ये सरकारने घुमट राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते बरं झालं, आमच्याकडे मांडो-दुलपदला (ख्रिश्चनांची जुनी कोंकणी गाणी) पण घुमटच लागतं, व्हायोलिन आणि घुमट. तेव्हा तुमच्या बँडमध्ये व्हायोलिनवाला आला तर त्याला शिकवायला लागणार नाही.

कुळागर
मंडळी दंडवत. बकऱ्याचंच आहे, विचारलं चुलतभावाला, तो रागावलाच जरा.

इव्हेंटवाल्याला 'नको' म्हणून कळवलं. बहिणीबरोबर जाऊन पणजीत एका कॅफेत तिघांना ऐकलं, गिटार, कहोन, व्हायोलिन, व्हायोलिनवाली मुलगी विशीतली, क्वायरमध्ये वाजवते. ३२ वर ठरलं, तालीम धरून, अर्धे आगाऊ. कागदावर तिघांची नावं लिहून घेतली (फोंड्याची सून, तुमच्यामुळे). कार्यक्रम ६:३० ला सुरू, ९:३० ला बंद. पंचायतीत जाऊन आलो.

नुस्तेखाऊ
आणि पंखे?

कुळागर
पंखे चौकातले बंद आणि ओसरीवरचे चालू, असं ठरलंय. बघू.

कुळागर
धागा वर काढतोय. झाला कार्यक्रम परवा. थोडं विस्ताराने लिहितो, कोणाला पुढे उपयोगी पडेल.

सकाळपासून ढग, दुपारी ४ ला साउंड लावायला सुरुवात आणि ५ ला वळवाचा पाऊस, दाणदाण. राजांगण भिजलं, लाइट गेली, बहीण रडायला आली. बँडची मुलं शांत होती, त्यांनी स्पीकर उचलले आणि ओसरीवर आणले, वायरवाला यांनी सांगितलेला पॉइंट नेमका ओसरीवरच होता म्हणून वाचलो. माणसं तिन्ही बाजूंच्या ओसरीवर आणि मध्ये पाऊस, तुळस भिजतेय. पाऊस अर्ध्या तासाने थांबला पण हवा गार झाली, पंख्यांचा प्रश्नच संपला (नुस्तेखाऊ, नोंद घ्या). बेडूक मात्र सुरू झाले आणि ते बँडसाठी काही थांबेनात.

लाइट ७:१० ला आली. तोपर्यंत पहिली पाच गाणी बिनमाइकची झाली, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात चांगली झाली, कारण ऐकू येत नाही म्हणून लोक आपोआप गप्प बसले आणि पुढे सरकले. सहा तारा दादा, तुमचं खरं निघालं. वायरवाला, लाइट आल्यावर तुमचंही खरं निघालं, सगळे परत बोलायला लागले.

नाट्यपदाला शेजारचे काका पेटीवर, गायला बाबांच्या शाळेतले एक जुने विद्यार्थी, आता पन्नाशीचे. व्हायोलिनवाल्या मुलीने तालमीत दोनदाच ऐकलं होतं, पण जागा अशा काही घेत होती की बाबा खुर्चीवरून उठून तिच्या जवळ जाऊन उभे राहिले, ती बिचारी घाबरली, तिला वाटलं काही चुकलं. दुसरं पद संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, तू कोणाकडे शिकलीस. ती म्हणाली पाद्रीकडे. बाबा म्हणाले, मग पाद्रीला सांग म्हार्दोळच्या मास्तराने मान डोलवली.

घुमटाचं कातडं पावसाच्या हवेने सैल पडलं होतं, चुलतभाऊ चुलीजवळ शेकत बसला, आचारी ओरडतोय बाजूला हो. ९:१५ ला घुमट लागलं. १० मिनिटंच वाजलं पण शेजारचे सगळे आत आले. ९:३५ ला बंद केलं, कोणी तक्रार केली नाही, करणारा एकच होता तो घुमटाबरोबर कांसाळे (झांजा) वाजवत होता.

फसलेलं पण सांगतो. इंग्लिश गाण्यांना वेळच उरला नाही, पोरं नाराज. आणि यादी मी बँडला २२ गाण्यांची दिली होती, ९० मिनिटांत २२ गाणी बसत नाहीत, १४-१५ च बसतात, हा हिशेब आधी करायला हवा होता.

फोंड्याची सून
किती छान झालं!! बँडला जेवण?

कुळागर
पहिल्या पंगतीत, बाबांच्या शेजारी. व्हायोलिनवालीने मणगणं तीनदा घेतलं.

एक राहिलं, गिटारवाल्याचा कॅपो आमच्याकडे राहिलाय, आज पेटीच्या खोक्यात सापडला. रविवारी पणजीला जाऊन देऊन येतो.

सहा तारा
जा लवकर. माझे असे चार गेलेत आजपर्यंत.